‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्यांना तळवड्यातून जाहीर इशारा

तळवड्यातल्या गाळेमालकांनो, लेबर ठेकेदारांनो, आणि वडिलोपार्जित दोन-चार गुंठ्यांवर पत्र्याची शेड ठोकून ती कुणालाही भाड्यानं देणाऱ्या जागामालकांनो, हे तुम्हाला उद्देशून आहे. रुपीनगर, त्रिवेणीनगर, सहयोगनगर, ज्योतिबानगर इथं राहणारी आणि तुमच्याच शेडमध्ये राबणारी आम्ही माणसं हे लिहीत आहोत. निवेदनं देऊन झाली. साहेबांच्या टेबलावर त्यांची पोचही घेऊन झाली. आता पंधरा दिवसांची मुदत देत आहोत. त्या पंधरा दिवसांत काय करायचं आणि न केल्यास काय होईल, हे खाली स्पष्ट लिहिलं आहे. नंतर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणू नका.

आधी ८ डिसेंबर २०२३ ची आठवण करून देतो, कारण काहींना ती फार लवकर पुसली गेलेली दिसते. शुक्रवारची दुपार. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणारी तळवड्यातली एक शेड. आत बहुतेक बायकाच कामाला. स्फोटक दारू हातानं हाताळायची, मेणबत्त्या बांधायच्या, खोक्यात भरायच्या. भडका उडाला तेव्हा सहा जीव तिथंच गेले. भाजलेल्यांना आधी वायसीएम रुग्णालयात आणि तिथून ससून रुग्णालयात हलवलं. पुढचे कित्येक दिवस तिथून एकेक बातमी येत राहिली आणि मृतांचा आकडा दुपटीच्याही वर गेला. कारखान्याला परवानगी नव्हती, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समजलं. आदल्या दिवशी ते कुणाला माहीत नव्हतं का? माल भरायला टेम्पो येत होता, विजेचं बिल येत होतं, महिन्याच्या महिन्याला भाडं पोचत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आत बसून काम करणाऱ्या बायकांना. आपण काय हाताळतोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

गंमत पाहा, म्हणजे रडावं अशी गंमत. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे तळवडे-रुपीनगरचा मोठा पट्टा रेड झोनमध्ये आहे. कोठाराच्या हद्दीपासून दोन हजार यार्डांत बांधकाम करायचं नाही, असा लष्कराचा नियम. या रेड झोनपायी इथल्या गरिबाला अर्ध्या गुंठ्यावर विटेची भिंत घालताना दहा जणांचे पाय धरावे लागतात. त्याच गावात स्फोटक दारूचं काम बिनबोभाट चालू होतं. लष्कराच्या कोठारापासून जपायचं म्हणून नकाशावर रेघा आखल्या, आणि माणसं मेली ती वाढदिवसाच्या मेणबत्तीनं.

त्या आगीनंतर राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर केली. इथंच पहिला घोटाळा होतो, आणि तो तुम्ही मुद्दाम होऊ देता. सरकारनं दिलेलं ते सानुग्रह अनुदान. सरकार ते स्वतःच्या मर्जीनं देतं. मालकानं देणं असलेली नुकसानभरपाई पूर्ण वेगळी, आणि ती कायद्यानं ठरवलेली आहे. सरकारच्या चेकचा फोटो पेपरात आला की तुम्ही सुटलात, असं होत नाही. त्याआधी ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात सतरा जण जळून गेले, त्यातही बायकाच जास्त होत्या. तेव्हाही मदतीचे आकडे मोठ्या अक्षरांत छापून आले. मालकाचं कायदेशीर देणं किती, हे कुठल्याच मथळ्यात नव्हतं. ते आम्ही इथं सांगणार आहोत.

आगीची बातमी तरी होते. प्रेसखाली बोट गेलं तर होत नाही. म्हणून त्याबद्दल जास्त बोलायला हवं.

तळवडे, चिखली, भोसरी, चाकण या पट्ट्यात गाड्यांचे छोटे पार्ट बनवणाऱ्या शेडमध्ये जाऊन पॉवर प्रेस बघा. दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली यावी, अशी मूळ रचना असते. हात दोन्ही बटणांवर, म्हणजे डायमध्ये एकही नाही. आता एखाद्या रात्रपाळीत नीट पाहा. डावं बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं असतं, किंवा दोन्ही बटणं काढून पायाचं पॅडल जोडलेलं असतं. म्हणजे एक हात मोकळा. त्या मोकळ्या हातानं पत्र्याचा तुकडा डायमध्ये सरकवायचा, ठोका पडला की पीस काढायचा, पुढचा सरकवायचा. पुढची जाळी भंगाराच्या कोपऱ्यात पडलेली असते. सेन्सरला ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून बायपास वायर मारलेली असते. ही वायर हेल्परनं मारलेली नसते. ती मेंटेनन्सवाल्यानं मारलेली असते, सुपरवायझरच्या सांगण्यावरून, कारण पाळीला जेवढे पीस निघायला पाहिजेत तेवढे जाळी लावून निघत नाहीत. मग पहाटे तीन-चारच्या सुमारास, बारा तासांची ड्युटी संपत आली की पोराची डुलकी आणि प्रेसचा ठोका एका क्षणाला येतात.

पुढचं तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बोट कपड्यात गुंडाळून पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवतात. जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात. वाटेत सुपरवायझर त्याला पढवतो: डॉक्टरनं विचारलं तर गाडीवरून पडलो म्हण, घरी शटरमध्ये बोट अडकलं म्हण. पोलिसांची भानगड नको, उगाच तुलाच त्रास होईल, शेठ सगळं बघतील. शेठ काय बघतात? चौथ्या-पाचव्या दिवशी स्टॅम्पपेपर येतो. आता शंभराचा चालत नाही, तर पाचशेचा. त्यावर लिहिलेलं असतं की सदर इसमाने स्वतःच्या निष्काळजीपणाने इजा करून घेतली, मालकाने माणुसकीच्या नात्याने अमुक रुपये दिले, ते स्वखुशीने रोख मिळाले, यापुढे माझी किंवा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही. खाली उजव्या हाताचा अंगठा. डाव्या हाताला पट्टी असते ना.

तर त्या स्टॅम्पपेपरची किंमत नीट ऐका. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम १७ म्हणतं की कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा किंवा मालकाची जबाबदारी कमी केल्याचा करार शून्य समजला जाईल. शून्य म्हणजे शून्य. मग तो नोटरी केलेला असो, दोन साक्षीदारांच्या सह्यांचा असो, नाहीतर नगरसेवकाच्या ऑफिसात बसून झालेला असो. मृत्यूच्या प्रकरणात तर कलम ८ आणखी कडक आहे. भरपाई आयुक्ताकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, जमा करावी लागते. विधवेच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. जखमी कामगार बाई असेल तर तिला एकरकमी द्यायच्या भरपाईलाही हेच लागू आहे. बारा दिवस उलटायच्या आत दारात बंडल ठेवून ज्यांनी ‘मिटवलं’, त्यांनी ते पैसे कायद्याच्या नजरेत फुकट घालवले. देणं जिथल्या तिथं उभंच आहे.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, आता जुना कायदा गेला, अशी अफवा ठेकेदारांच्या गोटात फिरते आहे. १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, हे खरं. पण मालकाचं देणं, हिशेबाची पद्धत आणि दोन वर्षांची दाव्याची मुदत संहितेतही आहेच. उलट घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, वेळ-ठिकाण आणि कामाचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरायचा, असं संहितेत आता लिहूनच ठेवलं आहे. संहिता लागू होण्याआधीचे जे अपघात आहेत त्यांचे हक्क जुन्या कायद्यानं मिळतील. दोन्हीकडून तुम्ही बांधलेले आहात.

आता आकडे. तुम्ही बोटाचा भाव स्वतः ठरवता, दहा हजार, पंचवीस हजार, फार बोंबाबोंब झाली तर पन्नास. कायद्याचा हिशेब असा आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. मृत्यूत ५० टक्क्यांना. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५ हजार. पंचवीस वर्षांच्या पोराचा गुणक २१६.९१. पंधरा हजार पगारावर पूर्ण अपंगत्वाचे होतात १९ लाख ५२ हजार १९० रुपये. त्यातलं तर्जनीचं पूर्ण बोट गेलं तर परिशिष्टात नुकसान धरलं आहे १४ टक्के, म्हणजे २ लाख ७३ हजार रुपयांच्या वर. एकाच हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, म्हणजे ३ लाख ९० हजार ४३८. अंगठा ३० टक्के. चारही बोटं ५० टक्के. पस्तिशीतल्या माणसाचा जीव गेला तर, गुणक १९७.०६, वारसांना १४ लाख ७७ हजार ९५०. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय. महिन्याभरात दिले नाहीत तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला पटेल असं कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

ते टक्केही शेवटचे नव्हेत. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात एका सुताराची बाजू उचलून धरली. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालक परिशिष्टातल्या टक्केवारीवर बोट ठेवून भांडत होता. न्यायालय म्हणालं, एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नाही, हेही त्याच निकालातून पक्कं झालं. तुमच्याकडच्या फिटरचे, वेल्डरचे, प्रेस ऑपरेटरचे हात मोजताना हा निकाल समोर ठेवा.

‘पोरगा दारू पिऊन आला होता’ आणि ‘त्यानंच जाळी काढली’ हे दोन बचाव तुमच्या ओठांवर तयार असतात. नशा, मुद्दाम मोडलेला सुरक्षेचा नियम, मुद्दाम काढलेलं संरक्षण, यांचा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध तुम्ही करायचा. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तो बचाव चालतच नाही. सुपरवायझरच्या हुकमानं काढलेली जाळी ही कामगाराची चूक ठरवायची असेल, तर सुपरवायझरला साक्षीला उभं करा. उलटतपासणीत जाळी कुठल्या कोपऱ्यात पडली होती ते त्याच्याकडूनच वदवून घेऊ.

लपवण्याबद्दल दोन शब्द वेगळे बोलायला हवेत. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीत एकाची गोळी आपल्याच माणसाला लागली. माणूस गेला. शिकार मुळातच बेकायदा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद. त्यामुळे सोबत्यांनी पोलिसांकडे जायच्या ऐवजी मृतदेह लपवला आणि गप्प राहिले. काही दिवसांनी सगळं उघडं पडलं आणि जी मंडळी अपघाताची साक्षीदार ठरली असती ती आरोपी झाली. तुमच्या शेडमध्ये नेमकं हेच घडतं. परवाना नसतो, नोंदणी नसते, म्हणून अपघात लपवायचा. बंदुकीच्या जागी प्रेस, जंगलाच्या जागी गाळा, एवढाच फरक. निष्काळजीपणानं यंत्र चालवणं, आग आणि स्फोटक पदार्थ हाताळण्यात हयगय करणं हे भारतीय न्याय संहितेत आधीच गुन्हे आहेत. त्यात पुरावा नष्ट करणं आणि खोटी माहिती देणं यांची भर तुम्ही स्वतः घालता. तळवड्याच्या आगीत गुन्हा नोंदला गेला तो साध्या हलगर्जीचा नव्हता, सदोष मनुष्यवधाचा होता, आणि तो एकट्या माणसावर नव्हता.

म्हणून जागामालकांनो, ‘आम्ही फक्त भाडं घेतो’ हे वाक्य आता विसरा. आत काय बनतं ते विचारा. स्फोटक दारू, थिनर, केमिकल असेल तर परवाना बघा. स्फोटकांचा परवाना ग्रामपंचायतीचा जुना दाखला दाखवून मिळत नाही. त्यासाठी १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम आहेत, आणि ते सांभाळणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. १९९७ साली तळवडे महापालिकेत आलं, त्यालाही आता पंचवीस वर्षं उलटून गेली. गावकी सांगून सुटायचे दिवस संपले.

ठेकेदारांचं तर वेगळंच. अपघात झाला की फोन बंद, आठवड्यानं नव्या नावाचा बोर्ड. खुशाल करा. मुख्य मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतलं असेल तर भरपाई आम्ही थेट मुख्य मालकाकडे मागू शकतो. मालकानं ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांच्या घरातला हिशेब. मोठ्या कंपन्यांनाही हे लागू पडतं. काम गाळ्यात पाठवलं म्हणून बोटंही गाळ्यातच राहतील, असं समजू नये.

इएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, तर सांगायलाच नको. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. एवढ्यात अपघातानंतर उपचार, बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर दरमहा रक्कम, जीव गेला तर घरच्यांना निवृत्तिवेतनासारखा लाभ. चिंचवडला मोहननगरमध्ये इएसआयचं रुग्णालय आहे. तरी हजेरी नऊ जणांचीच दाखवायची, बाकीचे ‘डेली’वर. काही बहाद्दर तर पोरांच्या पगारातून कापतात आणि भरतच नाहीत. जिथं इएसआय लागू आहे तिथं नोंदणी केली नाही हा तुमचा गुन्हा, कामगाराचा नव्हे. इएसआय महामंडळ त्याला लाभ देऊन पैसे तुमच्याकडून वसूल करू शकतं.

आता आपल्याच माणसांना. ताई, दादा, हे मालकाला सांगितलं तसंच तुम्हालाही बजावून सांगतो आहोत, कारण निम्मी प्रकरणं आपण स्वतः घालवतो. अपघात झाला तर डॉक्टरला खरं सांगा. कामावर, अमुक गाळ्यात, अमुक मशीनवर लागलं, हे केसपेपरवर लिहून घ्या. पहिल्या कागदावर ‘गाडीवरून पडला’ असं लिहिलं गेलं की पुढची दोन वर्षं तो एक शब्द खोडण्यात जातात. शक्यतो सरकारी रुग्णालयात जा, तिथं पोलिसांना कळवणं होतं. सोबतच्या पोरांनी मशीनचा, जाळी नसलेल्या डायचा, चिकटपट्टी लावलेल्या बटणाचा फोटो त्याच रात्री काढावा. सकाळी जाळी जागेवर आलेली असते, नवी कोरी. पगार रोख मिळतो, पावती नाही, म्हणून घाबरू नका. फोनवर आलेले पगाराचे मेसेज, ड्युटीच्या ग्रुपवरचे निरोप, गेटवरच्या वहीतलं नाव, डब्याची खानावळ, सोबत काम करणाऱ्यांचे जबाब, सगळं पुराव्यात येतं.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. केली असेल तरी खचू नका, ती सही कायद्यापुढे टिकत नाही. लातूर, परभणी, गोरखपूर, कुठूनही आला असाल आणि ठेकेदारानं रातोरात गाडीत बसवून गावी धाडलं असेल, तरी दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायालयातही लावता येतो. मुदत दोन वर्षं आहे, पण ती संपायची वाट बघू नका. वकिलाला पैसे नाहीत? बाई असाल किंवा औद्योगिक कामगार असाल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील मिळणं हा तुमचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला न दाखवता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा.

वेळ लागतो, हे आम्ही लपवत नाही. एप्रिल २००३ मध्ये धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. घरच्यांना मंजूर झाले होते ३ लाख २६ हजार १४० रुपये. उच्च न्यायालयात ते नाकारले गेले. शेवटी २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबाचा हक्क मान्य केला. बावीस वर्षं. आता हे वाचून एखाद्या मालकाच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल, की बावीस वर्षं कोण लढतंय. त्या रकमेवर १२ टक्क्यांनी बावीस वर्षांचं व्याज करून बघा आणि मग हसा.

आता अट आणि मुदत. हा इशारा तुमच्या गेटवर लागल्यापासून पंधरा दिवस. तोवर प्रत्येक प्रेसवर जाळी बसलेली आणि दोन्ही बटणं चालू असली पाहिजेत, बायपास काढलेला असला पाहिजे. स्फोटक किंवा ज्वलनशील माल असेल तर परवाना दर्शनी भागात लावा. नसेल तर माल हलवा आणि काम बंद करा, त्याला पंधरा दिवसही नाहीत, आजच. प्रत्येक माणसाचं नाव हजेरीत आणि इएसआयला पाहिजे, त्याला त्याचा विमा क्रमांक कागदावर मिळाला पाहिजे. गेल्या दोन वर्षांत स्टॅम्पपेपरवर ‘मिटवलेल्या’ प्रत्येक अपघाताचा कायद्याप्रमाणे हिशेब करून फरकाची रक्कम कामगार न्यायालयात भरा. ही शेवटची अट वाचून ‘हे काय खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: खूळ नाही, देणं आहे. स्वतःहून भराल तर दंड वाचेल.

सोळाव्या दिवसापासून आम्ही कुणाच्या दारात बसणार नाही, गाड्या अडवणार नाही, काचा फोडणार नाही. त्याची तुम्हाला सवय आहे, पोलीस बोलावून तुम्ही ते निस्तरता. आम्ही कागद देऊ. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात शेडनिहाय तक्रार, प्रत्येक मशीनच्या फोटोसकट. इएसआय महामंडळाला लपवलेल्या माणसांची नावं, त्यांच्याच सह्यांनी. महापालिकेच्या अग्निशमन विभागाला आणि स्फोटकांचा संशय असेल तिथं पोलीस आयुक्तालयाला आणि ‘पेसो’ला. ज्या मोठ्या कंपनीला तुमचे पार्ट जातात तिच्या खरेदी विभागाला एक प्रत, कारण बोटं गमावून बनलेला माल घेतो हे त्यांच्या तपासणीच्या कागदांवर दिसलेलं त्यांनाही परवडणार नाही. आणि ज्या घरांत स्टॅम्पपेपर पडून आहेत त्या प्रत्येक घराच्या नावानं भरपाईचा दावा.

दबाव आणाल, कामावरून काढाल, खोलीमालकाला सांगून खोल्या खाली करायला लावाल, हे आम्ही गृहीत धरलं आहे. तसं झाल्यास त्याची तारीख आणि वेळही तक्रारीला जोडली जाईल.

पहिली यादी लिहायला घेतली आहे. कॅनबे चौकाकडून सुरुवात आहे. ज्यांना आपलं नाव त्यातून काढायचं असेल त्यांनी जाळी बसवलेल्या प्रत्येक मशीनचा फोटो, इएसआयच्या नोंदणीचा कागद आणि न्यायालयात रक्कम भरल्याची पावती घेऊन यावं. रिकाम्या हातानं, कुणाची तरी ओळख सांगत येऊ नये.